कडू हरवलेला कुडा

एका राज्यात कुड्याचे झाड गोड झाले होते, आणि ही गोष्ट राज्यातल्या एकाही शहाण्याला ठाऊक नव्हती.

राज्य डोंगरांच्या ओंजळीत वसलेले. उतारावर जिकडेतिकडे कुडा. उन्हाळ्यात त्याला पांढरी फुले लागत आणि डोंगराने शुभ्र शेला पांघरल्यासारखे दिसे. फुलांची भाजी होई, पांढऱ्या लाकडाच्या फण्या होत, जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगांतल्या बियांना लोक इंद्रजव म्हणत. पण कुड्याचे खरे मोल त्याच्या सालीत. पोटात मुरडा उठला, आव पडू लागली, की खोडाच्या एका अंगाची साल काढायची, झाड जगेल एवढीच. ती वाळवून कुटायची आणि काढा करून आजाऱ्याला पाजायचा. काढा इतका कडू, की पिणारा पाजणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरी, आणि बरा झाला की त्याच्याच पाया पडे.

हे जुने झाले. आता कोणी कोणाच्या पिढ्या उद्धरत नव्हते.

राजवाड्याच्या पाठीशी वैद्यशाळा होती. तिथले नियम पुष्कळ, आणि सर्वांत मोठा नियम असा, की औषध हा देवाचा प्रसाद आहे. ते उष्टे करायचे नाही. आजाऱ्याच्या आधी ते कोणाच्या जिभेला लागता कामा नये. म्हणून वैद्य काढ्याचा रंग पाहत, वास घेत, दाटपणा पळीवरून जोखत. चव मात्र कोणी घेत नसे. राजवैद्य विश्वंभराचार्यांनी उभ्या आयुष्यात आपल्या हातचे औषध चाखले नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता.

त्यांची एक शिष्या होती, मेदिनी. प्रश्न विचारण्यात सर्वांच्या पुढे, नमस्कार करण्यात सर्वांच्या मागे. आईबाप नव्हते. एक धाकटी बहीण तेवढी होती, सुरंगी नावाची.

एका साली राज्यात रक्ताची आव आली. घरोघरी माणसे आडवी झाली. वैद्यशाळेच्या ओसरीत पथाऱ्यांना पथाऱ्या लागल्या आणि त्यांतल्या एका पथारीवर सुरंगी होती. मेदिनी तिला काढा पाजी, पोट शेकी, कपडे धुऊन आणी. सुरंगीच्या मनगटावर बांगडी राहीना.

"ताई," सुरंगी म्हणाली, "काढा गोड आहे."

मेदिनीने जाऊन आचार्यांना विचारले, "आचार्य, काढा गोड कसा लागतो?"

"आजाऱ्याच्या जिभेला चव नसते."

"ओसरीतले सगळेच गोड म्हणतात."

"मग सगळेच आजारी आहेत." आचार्यांनी मान वर केली नाही. "ग्रंथ म्हणतो, कुडा आव थांबवतो. थांबत नसेल तर मात्रा दुप्पट करा."

मात्रा दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी ओसरीतून एक म्हातारा उचलला, एक बाळंतीण उचलली. आचार्य मोठ्या हंड्यापाशी उभे राहून काढा पळीने वरखाली करत होते. रंग उत्तम, वास उत्तम, दाटपणा उत्तम. मेदिनी हंड्याजवळ आली, तिने त्यात बोट बुडवले आणि ते तोंडात घातले.

कुटणाऱ्यांचे बत्ते थांबले. गाळणाऱ्याच्या हातून फडके पडले.

"गोड आहे, आचार्य," ती म्हणाली. "उसाच्या चोथ्यासारखा."

आचार्यांनी हंडा कलंडवून दिला. सगळा काढा फरशीवरून वाहत गेला. "बाटवलंस. उष्ट्या हाताला ह्या शाळेत जागा नाही. नीघ."

"आणि माझी बहीण?"

"ती आजारी आहे, अपराधी नाही. तिला औषध मिळेल."

"साखरपाणी मिळेल, असं म्हणा."

ती निघाली ती तडक डोंगराच्या वाटेला लागली. उतारावर एक गाय कुड्याचा पाला मजेत ओरबाडत होती. मेदिनी थबकली. कुड्याला गुरे कधी तोंड लावत नाहीत, हे लहान लेकरालाही ठाऊक असते. तिने खोडाची साल नखाने सोलली, दातांखाली धरली. गोड. दुसऱ्या झाडाची घेतली. गोड. तिसऱ्या झाडाला तिने लाथ मारली.

"झाडाला लाथ मारून फळ गोड होत नाही, पोरी," वरून कोणीतरी म्हणाले.

"हे आधीच गोड आहे. तीच तर पंचाईत आहे," मेदिनीने उत्तर दिले आणि मग वर पाहिले. ऐनाच्या जुनाट झाडावर धनेश पक्षी बसला होता, भलीथोरली पिवळी चोच, चोचीवर शिंग. झाडाला ढोली होती. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले, मधे एक फट, आणि फटीतून दुसरी चोच बाहेर आलेली. धनेशाची बायको अंड्यांवर बसली की स्वतःला आत लिंपून घेते. नवरा आणील ते खाते.

"कुड्याचं कडू कुठं गेलं, ते तुला ठाऊक आहे?" मेदिनीने विचारले.

"ठाऊक आहे. माझी आई याच ढोलीत बसली होती, तिने फटीतून पाहिलं. ती खाली राणीची समाधी दिसते ना, तिथल्या कुड्यापाशी जादूगार निर्यास आला. त्याने खोडाला कापसाची वात टेकवली. दिव्यात तेल चढावं तसं वातीत कडू चढलं. आधी त्या झाडाचं, मग मुळांमुळांतून सगळ्या डोंगराचं."

"तो राहतो कुठे?"

"काळ्या कड्याखाली."

"मला ने."

"आणि हिला कोण भरवणार? नवरा आहे मी, वाटाड्या नव्हे."

"माझी बहीण मरते आहे," मेदिनी म्हणाली.

धनेशाने ढोलीकडे पाहिले. ढोलीतून आवाज आला, "घेऊन जा तिला. एका दिवसाच्या उपासाने मी काही मरत नाही. एरवी तरी वेळेवर कुठं येता?"

धनेश पुढे उडाला, मेदिनी मागून चालू लागली. कमरेला ताकाचा भोपळा, एवढीच तिची शिदोरी.

काळ्या कड्याखाली गुहा होती. गुहेत जादूगार निर्यास मधाचे पोळे पुढे घेऊन बसला होता. तो एक घास घेई, तोंड वाकडे करी, डोळे पुशी, पुन्हा घास घेई. मागे एक दगडी रांजण होता.

"कुड्याचं कडू परत द्या," मेदिनी म्हणाली.

निर्यासाने पोळे खाली ठेवले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मागायला आलं."

"चोरलेलं मागायला कोण येणार?"

"मी चोर नाही. मला तुझ्या राजाने नेमलं होतं." निर्यासाचा आवाज कोरडा होता. "राणी चारुमतीला आव झाली. साल काढायला मुहूर्त पाहिला गेला, काढा उशिरा आला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, इतकं कडू तोंड घेऊन कशी जाऊ? आणि गेली. राजा मधुकेतू माझ्यापाशी आला. म्हणाला, माझ्या राज्यात पुन्हा कोणी कडू तोंडाने मरू नये."

"आता सगळे गोड तोंडाने मरतात," मेदिनी म्हणाली.

जादूगाराने मान खाली घातली. "कडू म्हणजे झाडाचा राग नव्हे, मुली. ती झाडाची राखण आहे. कीड लागू नये म्हणून झाड ते सालीत साठवतं. झाडाची कीड ज्याने मरते, त्यानेच माणसाच्या आतड्यातली मरते. हे मला तेव्हाही कळत होतं."

"कळत होतं आणि केलंत?"

"राजा रडत होता." त्याने रांजणाकडे बोट दाखवले. "मला त्याची शिक्षा मिळाली आहे. झाडापासून तोडलेलं कडू ज्याच्यापाशी राहतं, त्याचा घास कडू होतो. मध कडू, पाणी कडू, झोपेतली लाळ कडू. मागणारा आल्याशिवाय मला ते देता येत नाही. आणि मागायला यायचं, तर आधी कोणीतरी चाखायला हवं. तुमच्या शाळेत कोणी चाखत नाही."

"मी चाखलं."

"मग तीन अटी ऐक."

त्याने रांजणापाशी जाऊन तीन वाट्या भरून आणल्या. तिन्हींत पांढरे खडे, दिसायला सारखे. "एकीत तुरटी आहे, एकीत काजऱ्याच्या बीचं विष, एकीत कुड्याचं कडू. कडू उचल. काजरा जिभेवर गेला तर तू घरी जाणार नाहीस."

मेदिनीने वाट्यांकडे पाहिले. काजराही कडू, कुडाही कडू. चव घ्यावी तर जीव जायचा. चाखल्याशिवाय कळेना आणि चाखावे तर मरण, असे कोडे आयुष्यात पहिल्यांदाच पुढे आले होते. क्षणभर तिला आचार्यांचा नियम आठवला.

धनेश फडफडत खाली उतरला. त्याने वाट्यांवरून चोच फिरवली आणि मधल्या वाटीपासून झटकन मागे सरला. "ही नको. काजऱ्याचं फळ आमच्या घराण्याचं खाणं आहे. गर गिळतो, बी टाकतो. ती कशासाठी टाकतो, ते आता वाटीत बघतो आहे."

उरलेल्या दोहोंतून मेदिनीने चिमूट चिमूट जिभेवर घेतली. एकीने तोंड आवळले, गाल आत ओढले गेले. दुसरीने डोळ्यांतून पाणी काढले. इतके कडू तिने जन्मात चाखले नव्हते. "हीच," ती म्हणाली.

"दुसरी अट. हे खडे कोरडे नेलेस तर वाऱ्याने उडून जातील. विरघळवून ने."

तिने खडे झऱ्याच्या पाण्यात टाकले. ते तळाशी तसेच बसून राहिले. निर्यासाने हिरड्याचे तुरट पाणी पुढे केले; त्यात चिमूट टाकताच चिखलासारखा गाळ झाला. मेदिनी चिडली, मग चिडणे सोडून विचार करू लागली. खेड्यातल्या बायका कुड्याची पूड नेहमी आंबट ताकातून देतात. आचार्यांना एकदा तिने विचारले होते, ताकच का? आचार्य म्हणाले होते, चाल आहे. चाल आहे, हे उत्तर ऐकले की तिचे डोके फिरे. पण चालीला कधीतरी कोणाचे तरी डोके असलेच पाहिजे.

तिने भोपळ्यातले ताक ओतले, निवळू दिले आणि वरची आंबट निवळ दुसऱ्या भांड्यात घेतली. खडे तिच्यात टाकले. ते दिसेनासे झाले.

"आंबटात कडू विरघळतं," ती स्वतःशी म्हणाली. "एवढं साधं होतं तर सांगायचं नाही का कोणी?"

"तिसरी अट," निर्यास म्हणाला. "भांड्यात नेता येणार नाही. जिवंत तोंडात न्यायचं, आणि जिथून काढलं त्या झाडाच्या मुळाशी सोडायचं. गिळलंस तर माझा शाप तुझा होईल. वाटेत थुंकलीस तर कडू जगातून जाईल. आणि तोंड उघडून एक शब्द बोललीस तरी जाईल."

धनेश हसला. "ही आणि गप्प बसणार?"

मेदिनीने त्याच्याकडे रागाने पाहिले, भांडे तोंडाला लावले आणि ओठ मिटले.

जिभेवर कडूचा डोंगर चढला. घसा तो गिळू पाहत होता, पोट तो ओकू पाहत होते, आणि तिने दोघांनाही धरून ठेवले. वाटेत पायात बाभळीचा काटा मोडला. कळ दाबली, शब्द दाबला. ओढा लागला, तहान घेऊन ती तो ओलांडून गेली. ऐनाखालून जाताना ढोलीतून धनेशाची बायको म्हणाली, "मिळालं का गं? बोल की. माझं एवढं उपाशी राहणं कामी आलं का, ते तरी सांग." मेदिनीने फक्त गालांवर बोट ठेवले.

ती समाधीपाशी पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाचे ऊन चांगलेच चढले होते. राणीच्या समाधीच्या उशाला जुना कुडा उभा होता. राजा मधुकेतू फुले वाहत होता, शेजारी आचार्य मंत्र म्हणत होते, कडेला शिपाई. कुंपणाबाहेर एक बैल कुड्याच्या फांदीचा पाला चघळत होता.

आचार्यांनी तिला पाहिले आणि मंत्र अर्ध्यावर सोडला. "इथेही आलीस? क्षमा मागायला आली असशील तर माग."

मेदिनी उभी राहिली.

"आज वाचा गेली वाटतं. शाळेत तर जिभेला हाड नव्हतं." ते जवळ आले. "ऐक मग. तुझी बहीण सकाळपासून डोळे उघडत नाही. औषध उष्टं केलंस, त्याचं हे फळ."

सगळे शब्द तिच्या घशाशी आले. इतकी वर्षे गिळलेले आणि न गिळलेले, सगळे. एकच वाक्य बोलले असते तरी आचार्यांचा चेहरा उतरला असता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ओठ उघडले नाहीत.

"ही का बोलत नाही?" राजाने विचारले. "मुली, राजाज्ञा आहे. बोल."

मेदिनी राजासमोरून चालत गेली, समाधीच्या उशाशी गुडघे टेकून बसली आणि कुड्याच्या मुळाशी तोंड रिकामे केले.

शिपायांच्या तलवारी एकदम म्यानाबाहेर आल्या. राणीच्या समाधीवर थुंकणारा त्या राज्यात आजवर जन्मला नव्हता.

"महाराज," मेदिनी म्हणाली. तिचा आवाज खरखरीत झाला होता. "थुंकले नाही. तुमचं होतं ते परत आणून दिलं. निर्यासाने पाठवलं आहे."

त्या नावासरशी राजाने हात वर केला. तलवारी जागच्या जागी थांबल्या. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत शहारले. मग त्याच्या पलीकडचे शहारले, मग त्याच्या पलीकडचे, आणि वारा नसताना सगळा उतार हलत हलत डोंगराच्या माथ्यापर्यंत गेला. कुंपणाबाहेरच्या बैलाने तोंडातला घास टाकला, जीभ लांब बाहेर काढली आणि तो पाण्याकडे पळत सुटला.

"मीच सांगितलं होतं," राजा म्हणाला. "कोणालाही न विचारता."

आचार्य झाडाकडे पाहत होते. "महाराज, अनर्थ झाला. ह्या मुळाशी हिची थुंकी पडली. मुळं सगळ्यांची एक. राज्यातला सगळा कुडा उष्टा झाला. आता एकाही झाडाची साल औषधाला चालणार नाही."

"ओसरीतल्यांना विचारा आचार्य," मेदिनी म्हणाली, "उष्टं चालेल का म्हणून. जे अजून बोलू शकतात त्यांना तरी."

राजाने कमरेची कट्यार काढली. खोडाच्या एका अंगाची साल उतरवली, बोटभर तुकडा तोंडात घातला आणि चावला. त्याचा चेहरा आक्रसला. तो बराच वेळ चावत राहिला.

"हीच चव," तो म्हणाला. "तिच्या तोंडात शेवटी हीच होती. मला वाटलं, कडू तिला घेऊन गेलं. कडू नव्हे. उशीर घेऊन गेला." त्याने साल मेदिनीच्या हातात दिली. "जा. मी मागून साल पाठवतो. आज मुहूर्त कोणी पाहणार नाही."

मेदिनी धावली. ओली साल तिने खलात ठेचली, आंबट ताकात घोटली, फडक्यातून पिळली. पहिला घोट स्वतः घेतला, सगळ्यांच्या देखत. मग सुरंगीचे डोके मांडीवर घेऊन पळीने थोडे थोडे तिच्या ओठांत सोडले. एक पळी ओघळून गेली. दुसरी ओघळून गेली. तिसऱ्या पळीला सुरंगीच्या कपाळाला आठी पडली. तिने तोंड फिरवले.

"कडू आहे, ताई," ती पुटपुटली. "नको मला."

"हो," मेदिनी म्हणाली. "पी."

संध्याकाळपर्यंत ओसरीभर तीच कुरकुर सुरू होती. कोणी थुंकत होते, कोणी शिव्या देत होते, एक आजोबा मेदिनीच्या खापरपणज्यापर्यंत पोचले होते. तिने कोणालाही उलट उत्तर दिले नाही. वैद्यशाळेच्या कानांना इतके गोड काही कित्येक वर्षांत ऐकू आले नव्हते.

तिकडे काळ्या कड्याखाली निर्यासाने मधाचा घास घेतला आणि तो कितीतरी वेळ गिळलाच नाही.

दिवस गेले. आव ओसरली. सुरंगी भिंतीला धरून उभी राहू लागली. एका सकाळी मेदिनी हंड्यापाशी काढा ढवळत होती आणि दारात आचार्य येऊन थांबले. ते त्या दिवसापासून शाळेत आले नव्हते.

"माझ्या गुरूंनीही कधी चाखलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यांच्याही गुरूंनी नाही."

"त्यांच्या वेळी झाड कडू होतं, आचार्य. त्यांचं चालून गेलं."

आचार्य हंड्यापाशी आले. पळीतला थेंब त्यांनी तळहातावर घेतला, तळहाताकडे पाहत राहिले आणि मग जिभेला लावला. त्यांचे तोंड कसनुसे झाले. ते तिथेच पाटावर खाली बसले.

"किती जण गेले असतील?" त्यांनी विचारले.

मेदिनीला पुष्कळ बोलता आले असते. तिने त्यांच्यापुढे खलबत्ता सरकवला. "साल संपत आली आहे. ओसरीत लोक वाट पाहत आहेत."

आचार्यांनी बाह्या सारल्या आणि कुटायला सुरुवात केली.

तेव्हापासून त्या राज्यात पहिला घोट वैद्याचा, दुसरा आजाऱ्याचा, असा नियम झाला. वैद्य होऊ पाहणाऱ्याला आधी कुड्याची साल चावायला देतात. जो तोंड वाकडे करत नाही त्याला घरी पाठवतात.

कुडा कडू झाला, कडूने आव हटली, आवेतून माणसे उठली. त्या राज्याचा शाप जसा एका जिभेने फिटला, तसे सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचेही सारे शाप फिटोत.